फौजीला बोलवा

केजच्या हाडांच्या दवाखान्यात केशरबाई गुडघा चोळत नंबराची वाट बघत होत्या. शेजारी त्रिंबक फौजी बसले होते, आणि त्यांच्या कारभारणीच्या तोंडाचा पट्टा आल्यापासून चालूच होता.

“मागच्या बारीला डॉक्टरनं इचारलं, लई दुखतंय का? तुमी काय म्हनले?”

“ठीक हाय म्हनलो.”

“ठीक! रातभर भिताडाला धरून उभं राहता, अन् ठीक? मंग त्यो गोळ्या कशा बदलून देईल?”

“अगं, फौजेतली सवय. साहेबानं इचारलं की तेच निघतंय तोंडातून.”

“त्यो डॉक्टर हाय, तुमचा साहेब न्हाई! अन् काल कारखान्याचा टँकर आला, तवा समद्या गल्लीचे हंडे कावून उचलले?”

“दुष्काळ हाय. बाया म्हनल्या, फौजीला बोलवा.”

“फौजेची गाडी दरीत पडली तवाच मणका मोडलाय, हे सांगा की त्यांना!”

“हळू बोल.”

“न्हाई बोलत हळू! आज आत जाऊन खरं सांगायचं. माझी आन हाय.”

“सांगतो बाई.”

तेवढ्यात कंपाउंडर पाण्यानं भरलेला जार लोळवत आला.

“अरे, फौजी हायत की! जरा हात लावा, ह्यो वर ठिवू,” म्हणत तो पाठ फिरवून जारचा स्टँड पुढं ओढू लागला.

“लावतो की!” म्हणत त्रिंबक ताडकन उठायला गेले आणि अर्ध्यातच वाकून अडकले. कारभारणीनं त्यांच्या काखेत खांदा दिला.

“कुनी बघितलं का गं?”

केशरबाईंनी झटकन भिंतीवरच्या कॅलेंडराकडे तोंड फिरवलं.

“न्हाई बघितलं कुनी! टाका भार माझ्यावर.”