एजंट नको

‘घर विकणे आहे, एजंट नको’ असा बोर्ड लागलेलं पळसदरीतलं घर लेकीसाठी बघायला सिराजभाई निघाले होते. टमटम अजून भरायची होती. तेवढ्यात एक तरुण आत चढला आणि त्याने सिराजभाईंच्या समोर बसलेल्या म्हातारीला गाठलं.

“मोतीमावशी, ते बोर्ड लावलेलं घर तुमचंच ना?”

“तू कोन रं?”

“आईसाठी घर बघतोय. तिला शांत जागा हवी.”

“परवा आला त्याची बी आईच होती. त्याच्या आदल्याची सासू. सगळ्यांच्या आया माझ्याच घरात राहायला येतायत जनू!”

“खरंच, मावशी. सह्या किती जणांच्या लागतील?”

“पानी येतं का, ते नाय इचारलंस. तुझी आई काय सह्या पिऊन राहनार हाय?”

“बरं बाबा, एजंट आहे मी. पण तुमच्याकडून काही नको. घर घेणाऱ्याकडून कमिशन घेईन.”

“आनि तो माझ्याच किमतीतून कापंल. उतर खाली!”

तरुण हसत उतरला. मोतीबाईंची नजर आता सिराजभाईंवर आली.

“तुमी कुठं निघालात, भाऊ?”

सिराजभाईंनी घसा खाकरला.

“मी होय? मी आपला पळसदरीचं धरण बघायला.”