चाळीस नंबरचा मासा

मंडळी, एक सांगा — देवानं आज दहा वर्षं जास्तीची दिली, तर ठेवाल कुठं? हसू नका! फडताळात मावत नाहीत ती!

तर ऐका. डॉक्टर विश्वंभर टिपणीस, मोठा विद्वान माणूस! प्रयोगशाळेत त्यांनी मासे पाळले, आफ्रिकेतल्या डबक्यातले. डबकं आटायच्या आत जन्म, लग्न, पोरंबाळं, म्हातारपण — सगळं पाच महिन्यांत उरकायचं! आपल्याकडे तेवढ्यात नुसत्या पत्रिकासुद्धा जुळत नाहीत! डॉक्टर म्हणाले, "यांचं आयुष्य लांबवता आलं, की माणसाचंही लांबेल." उपाय काय? उपास! निम्मे मासे पोटभर, निम्मे अर्धपोटी.

आणि काय सांगू — अर्धपोटी चाळीस नंबरनं नववा महिना ओलांडला! डॉक्टर हरखले. स्वतःही अर्ध्या पोळीवर आले!

त्यांच्या साठीचा दिवस. पत्नी सुमतीबाई औक्षणाचं तबक घेऊन उभ्या. पुरणपोळीचा बेत. "अहो, आज तरी पानावर बसा. दोन वर्षांत समोरासमोर जेवलो नाही आपण."

"थांब गं! अजून चाळीस वर्षं आहेत. मग जेवू!" — आणि गेले की प्रयोगशाळेत!

तिथं गोदाबाई टाक्या धूत होत्या. म्हणाल्या, "साहेब, पोटभर खाणारे मेले, पण नाचून मेले. शेकड्यानं अंडी घालून गेले. हा तुमचा चाळीस नंबर कोपऱ्यात तोंड घालून बसलाय. सोबतीण सोडली, तरी ढुंकून बघत नाही. वहीत किती जगला त्याचा रकाना आहे. कसा जगला, ते कुठं लिहायचं?"

"काम करा तुमचं!" डॉक्टर खेकसले. पण वाकून बघतात तो काय — काचेत आपलंच तोंड, गालफडं बसलेली! निघताना त्यांनी टाकीत चिमूटभर जास्तीचा खाऊ टाकला. नऊ महिन्यांचा प्रयोग — गेला पाण्यात!

घरी आले, तर सुमतीबाईंनी जेवून हात धुतलेले. "माझ्यासाठी थांबली नाहीस?"

"तुमची चाळीस वर्षं आहेत. मी पडले पोटभर जेवणाऱ्यांतली — मला एवढा वेळ नाही!"

डॉक्टर गुपचूप पाटावर बसले. "दोन पोळ्या वाढ. आणि... समोर बस." बसल्या हो, बसल्या! डोळे पुसत बसल्या.

आता तुम्ही! मनगटावर पावलं मोजता, नाक दाबून दुधीचा रस पिता — वाचवलेलं आयुष्य कुणाबरोबर घालवणार, ठरवलंय? मंडळी, देवाचं नाव घ्यायला मी इथं उभा आहे. घरच्या माणसाला हाक मात्र तुम्हालाच मारावी लागेल. उठा, पानं घ्या!