समोर बसलेली गैरहजर

सायफिन: पण काका, पाकीट फोडलेलं आहे. म्हणजे तुम्ही पत्र वाचलंत.

इन्ता: वाचलं.

सायफिन: आणि उत्तर?

इन्ता: ते राहिलं.

सायफिन: तीन वर्षं?

इन्ता: पत्र आलं त्या दिवशी ठरवलं होतं, संध्याकाळी लिहायला बसायचं. मग वाटलं, घाईत भलतंच काही जाईल. उद्या लिहू. तुला सापडलं कुठे ते?

सायफिन: तीन वर्षांपूर्वीच्या हजेरीच्या वहीत. उद्या सकाळी इमिग्रेशनचे साहेब तपासणीला यायचेत, मागच्या सगळ्या वह्या काढून ठेवा म्हणाले. बरं झालं मी चाळली. त्यांच्या हातात पडलं असतं तर म्हणाले असते, या तालमीचा कारकून परदेशी बायकांची पत्रं वहीत दाबून ठेवतो.

इन्ता: मुद्दामच ठेवलं होतं तिथे. मार्गितच्या पानावर.

सायफिन: ते बघितलं मी. पहिले काही दिवस सोडले तर चार पानं नुसती गैरहजेरी, आणि सगळी तुमच्या त्या सुंदर अक्षरात.

इन्ता: ती तालमीत उतरत नव्हती. मी दुसरं काय मांडायचं?

सायफिन: बाबा! ओ बाबा! आंबे नंतर चिरा, आधी इकडे या. बघा तुमचे मित्र काय म्हणतायत.

वस्ताद: ऐकतोय. एकच कान गेलाय माझा. दुसऱ्यावर कुणाची लाथ बसली नाही अजून.

सायफिन: मार्गितबाईंच्या पत्राचं ठाऊक होतं तुम्हाला?

वस्ताद: टपालवाल्याकडून मीच घेतलं. सेगेदचा शिक्का, हंगेरीचं तिकीट. ह्याला दिलं, तर दोन दिवस हा जेवायला आला नाही.

सायफिन: मी त्या वर्षी रायोंगला होते, मला धड कुणी सांगितलंच नाही. एवढंच कळलं, की साठीची एक बाई मुआय थायच्या लाथा-ठोसे शिकायच्या व्हिसावर इथे च्यांग मायला आली आणि मधेच परत गेली.

इन्ता: तिची चूक नव्हती त्यात. म्हणजे, थोडी होती. बेकरीत चाळीस वर्षं काम केलेली बाई. नवरा गेला, तेव्हा इथे येऊन राहावंसं वाटलं तिला. तिकडच्या एजंटनं सांगितलं, थाई भाषेचा वर्ग घेतलात तर कचेरीत बोलून दाखवावं लागतं. मुआय थायचा घ्या. तुमच्या वयाच्या बाईला लाथ मारून दाखव म्हणून कोण सांगणार? वर्षभराची सोय, दर तीन महिन्यांनी एक शिक्का, की झालं.

सायफिन: हेच! मला महिन्याला चार तरी फोन येतात असे. 'वर्गाला नाही आलं तर चालेल ना?' मी सांगते, घाम गाळायचा असेल तर या, नुसतं राहायचं असेल तर दुसरं दार बघा. आणि मागच्या वर्षीचा तो ब्राझीलचा सेर्जिओ आठवतोय? तो तर इमानानं रोज यायचा. दोन दिवस लाओसला काय गेला, जाण्याआधी परतीचा शिक्का घ्यायचा विसरला, आणि अख्खा व्हिसा पाण्यात. कुणाचं कशानं जाईल सांगता येत नाही.

वस्ताद: मार्गित पहिले दोन आठवडे आली. दोरीवरच्या उड्या मारल्या. गुडघा सुजला. मी म्हटलं, बसा.

सायफिन: मग?

वस्ताद: बसली. ह्याच्या टेबलासमोर.

इन्ता: मला वाटलं, कंटाळेल आणि जाईल. माझ्याशी कुणी फार वेळ बोलत नाही, तू बघतेसच. तिनं भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे अक्षर कोणतं? मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुढचं विचारलं. चव्वेचाळीस अक्षरं, रोज एक. शेवटचं झालं तेव्हा मला वाटलं, संपलं आता. ती म्हणाली, पुढे काय? मी म्हटलं, आता पुन्हा पहिल्यापासून, स्वरांसकट.

सायफिन: म्हणजे शिकत होती ती! रोज येत होती, गुरुजींपुढे बसत होती, शिकत होती.

इन्ता: थाई शिकत होती. व्हिसा मुआय थायचा होता.

सायफिन: आणि तुम्ही तिच्या देखत तिला गैरहजर मांडत होतात.

इन्ता: वही तालमीची होती ना, पोरी. अडतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, एक खूण खोटी केली नाही. आणि तिला ते ठाऊक होतं. कुणी न सांगता, आपलं आपण तिनं वाचलेला पहिला शब्द तोच. स्वतःच्या नावापुढचा. 'गैरहजर.' इतकी हसली, इतकी हसली! म्हणाली, गुरुजी, मी तर इथेच आहे.

सायफिन: म्हणजे त्यावरून ती रागावली नाही.

इन्ता: त्यावरून नाही.

वस्ताद: तपासणीचं सांग तिला.

इन्ता: तू सांग.

वस्ताद: मी सांगितलं तर झोंबेल.

इन्ता: झोंबू दे.

वस्ताद: साहेब आले, दोघं. तिला म्हणाले, काय शिकलात ते दाखवा. पोरं सराव थांबवून बघायला लागली. ही उठली. चपला काढल्या, रिंगणात गेली. लाथ येत नव्हती, ठोसा येत नव्हता. गुडघ्यांवर बसली आणि गुरुवंदना केली. लढतीआधीची, पूर्ण, चारी दिशांना. लांबून बघून शिकलेली. त्या सुजलेल्या गुडघ्यावर. माझ्या पोरांना सांगून सांगून जीभ झिजली, एकाला तशी जमत नाही.

सायफिन: साहेब काय म्हणाले?

वस्ताद: म्हणाले, छान. आता वही दाखवा.

इन्ता: मी दिली. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. पानं उलटली, डोकं हलवलं. मग मला विचारलं, गुरुजी, या बाई तालमीत नसतात, तर सकाळभर असतात कुठे?

सायफिन: आणि?

वस्ताद: बोल, इन्ता.

इन्ता: मी म्हटलं, मला ठाऊक नाही.

सायफिन: काका!

इन्ता: ती हातभर अंतरावर उभी होती. तेवढं थाई तिला समजत होतं. मीच शिकवलेलं.

सायफिन: पण का? माझ्यापाशी लिहायला शिकते, एवढं म्हटलं असतंत तर आभाळ कोसळणार होतं?

इन्ता: व्हिसा तरीही गेलाच असता.

सायफिन: व्हिसाचं विचारत नाही मी.

इन्ता: तीस पोरं बघत होती. मला वाटलं, हसतील. एकाहत्तर वर्षांचा विधुर माणूस, रोज एका बाईला समोर बसवून घेतो. कान तापले माझे. आणि तोंडातून गेलं. जन्मभर कागदावर खोटं लिहिलं नाही. तोंडानं बोललो ते एकदाच, आणि तेही तिच्यासमोर. त्यांनी सात दिवसांची मुदत दिली तिला. सातही दिवस मी तालमीत आलो नाही.

वस्ताद: ती आली. सातही दिवस. तिथे बसली आणि गेली.

इन्ता: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

वस्ताद: तू कधी विचारलं नाहीस.

सायफिन: पत्रात आहे तरी काय? मी वाचलं नाही हं. इंग्रजी बघितलं आणि मिटलं.

इन्ता: शेजारणीच्या मांजरीचं लिहिलंय. थंडीचं लिहिलंय. आंबट पावाचं पीठ तिकडे लवकर फुगत नाही, इथे कसं भराभर फुगायचं. आणि शेवटी एक ओळ. 'गुरुजी, तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं का?'

सायफिन: याचं उत्तर एका शब्दात होतं हो!

इन्ता: म्हणूनच अडलं. लांबलचक उत्तर मला जमलं असतं. एकोणीस मसुदे केले, शब्दकोश घेऊन. एकात तर व्हिसाचे नियम कलमांसकट लिहिले.

सायफिन: प्रेमपत्रात कलमं!

इन्ता: प्रेमपत्र नव्हे ते.

वस्ताद: तेच तर चुकलं.

इन्ता: तुम्ही हसा. पण लिहून तरी काय उपयोग होता? माझ्यामुळे तिला हा देश कायमचा बंद झाला. पासपोर्टावर 'रद्द' असा शिक्का मारताना मी पाहिला... म्हणजे ऐकलं मी.

सायफिन: थांबा. कायमचा बंद झाला हे कुणी सांगितलं तुम्हाला?

इन्ता: रद्द म्हणजे...

सायफिन: रद्द म्हणजे तो व्हिसा रद्द. बाई रद्द होत नाही! दिलेल्या मुदतीत गेली, एक दिवस जास्त राहिली नाही, कुठली बंदी लागली नाही तिला. मी हीच कामं करते रोज. उद्या तिकीट काढलं तर पर्यटक म्हणून दोन महिने राहू शकते. तीन वर्षांत एकदा कुणाला विचारायचं तरी!

इन्ता: दोन महिने.

सायफिन: निदान.

इन्ता: मी समजत होतो... मला वाटायचं, पत्र लिहिलं आणि तिला यावंसं वाटलं, तर येता येणार नाही. त्यापेक्षा न लिहिलेलं बरं. असं मी स्वतःला समजावत होतो. खरं सांगायचं तर, ते कारण मला सोयीचं होतं.

वस्ताद: आता माझं ऐक. सोंग्क्रानला, आपल्या नव्या वर्षाला, ती मला कार्ड पाठवते.

इन्ता: तुला?

वस्ताद: तीन आली. थाईत लिहिलेली. अक्षर गोल गोल, पहिलीतल्या पोरासारखं. 'वस्तादांना नमस्कार. गुडघा बरा आहे. गुरुजी जेवतात का?' तिन्हींत शेवटी तेच.

इन्ता: आणि मला दाखवली नाहीस!

वस्ताद: प्रश्न मला होता. मी उत्तर पाठवलं. 'जेवतो.'

सायफिन: अरे देवा. एकाच ताटात जेवणारे दोघं, आणि एकमेकांना काही सांगायचं नाही.

वस्ताद: पत्राचं नाव ह्यानं कधी काढलं नाही. मला वाटलं, उत्तर दिलं असेल. यंदाच्या कार्डात एक ओळ जास्त आहे. जूनअखेर घर सोडते म्हणते. पुतणीकडे जाणार, दुसऱ्या देशात. तिकडचा पत्ता लिहिलेला नाही.

इन्ता: जूनअखेर. आज काय तारीख?

सायफिन: बारा जून.

इन्ता: टपालाला दोन आठवडे धरले तर...

सायफिन: कधी तीनही लागतात. फोन नंबर नाही का तिचा?

इन्ता: इथला होता, तो इथेच संपला. आणि फोनवर मला बोलता येणार नाही. तिनं कागदावर विचारलंय.

सायफिन: मग बसा. हा घ्या कागद. टपाल कचेरी साडेचारला बंद होते.

इन्ता: शब्दकोश घरी आहे माझा.

वस्ताद: शब्दकोश कशाला?

इन्ता: इंग्रजीत लिहायचं म्हणजे...

वस्ताद: खोटं कोणत्या भाषेत बोललास?

इन्ता: थाईत.

वस्ताद: मग खरंही त्यातच लिही. वाचता येतं तिला.

इन्ता: 'प्रिय' लिहू की 'आदरणीय'?

सायफिन: काका!

इन्ता: नुसतं नाव लिहितो. घाईत अक्षर बिघडणार. बिघडू दे. तुम्ही दोघं जरा तिकडे बघा.

वस्ताद: बघितलं. झालं का?

सायफिन: बाबा, लिहू द्या त्यांना.

वस्ताद: तीन वर्षं दिली की.

इन्ता: झालं, असं वाटतं. वाचू का? नको. वाचतोच. 'मार्गित, मला ठाऊक होतं. तुम्ही रोज आठ ते अकरा माझ्यासमोर बसत होतात. साहेबांनी विचारलं तेव्हा मला लाज वाटली. तुमची नव्हे, मला जे वाटत होतं ते चारचौघांत दिसेल, याची. शेवटचे सात दिवस तुम्ही येऊन बसत होतात, हे मला आज कळलं. तुम्हाला इथे यायला बंदी नाही, हेही आजच कळलं. दोन महिने येता येतं. कुठल्याही कोर्समध्ये नाव घालायची गरज नाही. मी जेवतो. एकटाच.'

वस्ताद: रोज माझ्या घरी जेवतोस.

इन्ता: तरी.

वस्ताद: हं. राहू दे तसंच.

(टपाल कचेरीबाहेर.)

सायफिन: तिकीट लावलं, हवाई टपालाची पट्टी लावली. द्या, मी टाकते.

इन्ता: नको, मीच टाकतो. पोरी, पत्र पोचायच्या आत ती निघून गेली तर?

सायफिन: तर ते परत येईल. मग आपण पुतणीला शोधू.

इन्ता: आणि पोचलं, पण तिला आता हे उत्तर नकोच असेल तर?

सायफिन: तीन कार्डं आलीत, काका.

इन्ता: ती वस्तादाला आलीत.

सायफिन: वस्ताद जेवतात की नाही ते विचारलं होतं का तिनं?

इन्ता: नाही. तसं नाही विचारलं. 'तुम्ही' लिहिलं ते बरोबर आहे ना? फार लांबचं तर नाही वाटणार?

सायफिन: मागे माणसं उभी आहेत हो.

इन्ता: हो, हो. माफ करा, बाई. टाकतो.

सायफिन: पडलं?

इन्ता: पडलं. पण आवाज नाही आला.

सायफिन: एकच तर पान होतं, काका. त्याचा कसला आवाज येणार?