मांजर्लीतला समजूतदार अलार्म

नाही, मला सांगा, पुराच्या पाण्याला काय वेळ घेऊन यायला सांगायचं होतं का? मांजर्लीत राहतो आम्ही, बदलापुरात, उल्हास नदी थेट पार्किंगमध्ये येऊन जाते, आणि तळमजल्यावर आमच्या कुमुदिनीकाकू, एकट्या, गुडघे गेलेले, उचलूनच वर न्यावं लागतं त्यांना. त्यांच्यासाठीच तर मी तो अलार्म बसवला होता हो... दोन वायरी, एक ट्रान्झिस्टर, एक बझर, बस्स. वायरींना पाणी लागलं की हा कोकलणार. मग समोर कुणी का असेना.

पण जावई आले ना, अवधूतराव. "बाबा, ट्रान्झिस्टर काय घेऊन बसलात, आता चिप स्वस्त पडते." जावयाला नाही कसं म्हणणार, तुम्हीच सांगा. उल्हासनगरच्या दुकानात विचारलं, तर तो सिंधी दुकानदारही म्हणतो, "साईं, आजकल खिलौने में भी चिप आता है, ले जाओ." आणली.

चिप बसली आणि बिल्डिंगला वाचा फुटली. सेक्रेटरी धर्मराज म्हणाले, "कुणी गाडी धुतली तरी बोंबलतो हा, पाणी जरा टिकलं तरच वाजू दे." अवधूतराव म्हणाले, प्रोग्रॅममध्येच तर टाकायचंय. दुसऱ्या मजल्यावरची राजसी, "काका, बाळ दुपारी झोपतं, तेवढा वेळ गप्प ठेवा ना." प्रोग्रॅममध्येच तर टाकायचंय. आमची मीनल, म्हणजे माझी बायको, ती म्हणते, "तो भेसूर आवाज काढा बाई, एखादी मंजुळ घंटी लावा." प्रोग्रॅममध्येच तर... टाकली घंटी. अहो, ट्रान्झिस्टर असता तर कुणाची टाप होती असलं सांगायची? प्रत्येक फर्माइशीला मला सोल्डरिंग गन तापवून बसावं लागलं असतं, मी सरळ नाही म्हटलं असतं.

आणि परवा आलं की हो पाणी. भर दुपारी. बाळ झोपलेलं, मी झोपलेलो, अख्खी बिल्डिंग झोपलेली, आणि अलार्म... शहाण्यासारखा गप्प. पलंगाला पाणी लागलं तेव्हा काकूच ओरडल्या. चौघांनी खुर्चीसकट उचलून वर आणलं, साडी निथळत होती त्यांची, आणि तुम्हाला सांगतो, मला त्यांच्याकडे बघवेना.

जावयांना फोन केला, तर म्हणतात काय, "पण बाबा, बरोबर चाललंय की ते, तुम्ही सगळ्यांनी सांगितलं अगदी तसंच." वर कौतुक त्या चिपचं!

काल मीटिंग झाली. मी म्हटलं, जुनाच बसवतो परत. लगेच सुरू... "मग आम्ही गाड्या धुवायच्या कुठे?" "आणि बाळाचं काय?" शेवटी ठरलं, अलार्मच नको. काकूंचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू आला होता, तोच पुरे. एकमताने पास, काकू सोडून, कारण त्यांना जिना चढून मीटिंगला येताच आलं नाही.

सांगायला मलाच पाठवलं खाली. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ओरडेन की रे. फक्त दुपारचा माझाही डोळा लागतो... तेव्हा मला उठवायला कुणीतरी ठेवा."