आधी मेंढपाळांनाच का सांगितलं

नाही हेमराज, सही होणार नाही — आणि तो पेन आधी खिशात ठेव, मघापासून थर्मामीटरसारखा माझ्यापुढे धरून बसलायस. वाचला ना मी कागद, दोनदा वाचला. ‘नाताळच्या कार्यक्रमातील माझ्या वर्तनामुळे मान्यवरांचा अवमान झाला, त्याबद्दल मी चर्च कमिटीची बिनशर्त क्षमा मागते’ — हे कोणी लिहिलं? अध्यक्षांनी? तू नाही लिहिलंस, तुला मी संडे स्कूलला पाच वर्षं शिकवलंय, तुला ‘बिनशर्त’ लिहिता यायचं नाही. बस. चहा घे. तुझ्यावर रागावले नाहीये मी — नाही, खोटं कशाला बोलू, तुझ्यावर पण रागावलेय, कारण त्या संध्याकाळी गेटवर तूच होतास, छातीला बिल्ला लावून. पण ते नंतर.

आधी मला सांग, बावीस वर्षं मी या भुसावळात नाताळचं नाटक बसवतेय, त्यात मेंढपाळ कोण होतं? आठवतंय ना? ज्याला वाक्य पाठ होत नाही तो मेंढपाळ. ज्याची आई उशिरा नाव देते तो मेंढपाळ. देवदूत व्हायला भांडणं, पूर्वेकडचे ज्ञानी व्हायला भांडणं — त्यांना जरीचे झगे असतात ना — आणि उरले ते चार टॉवेल डोक्याला गुंडाळून काठी घेऊन कोपऱ्यात उभे. दरवर्षी मी पोरांना विचारते, देवानं ही बातमी आधी मेंढपाळांनाच का सांगितली, राजाला का नाही, देवळातल्या मोठ्या लोकांना का नाही? आणि दरवर्षी पोरं एका सुरात म्हणतात, कारण ते गरीब आणि नम्र होते, टीचर! आणि मी म्हणते, शाब्बास. बावीस वर्षं शाब्बास म्हणतेय. यंदा म्हटलं, पुरे झालं. म्हटलं, खरे मेंढपाळ बोलवू, पहिली पत्रिका त्यांना देऊ, पहिल्या रांगेत बसवू. कमिटीला विचारलं होतं का? विचारलं होतं, नोव्हेंबरच्या मीटिंगला, तू मिनिट्स लिहीत होतास — अध्यक्ष म्हणाले, छान कल्पना आहे बाई. छान कल्पना! त्यांना वाटलं, मी पुठ्ठ्याच्या मेंढ्यांबद्दल बोलतेय.

तर मी गेले असोद्याला. रिक्षा करून गेले, गुडघे धरून उतरले. कपाशी वेचून झाली की तिथल्या शेतांत मेंढरं येऊन बसतात, माहितीये ना तुला — शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढरांना पाला मिळतो. ठेलारी लोक, साक्री-शिंदखेड्याकडचे. घोड्यावर संसार लादून निघतात ते पावसाळ्यालाच घरी. तिथे एक मगन म्हणून होता, पन्नाशीचा, आणि त्याची बायको तानुबाई. कोकराला मांडीवर घेऊन बसली होती, त्याच्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं ते काढत होती. मी आपली पत्रिका काढली आणि गोष्ट सांगायला लागले — पोरांना सांगते तशी, हातवारे करून — की बाई, देवाचा मुलगा गोठ्यात जन्मला आणि रानात मेंढरं राखणाऱ्यांना सगळ्यात आधी कळवलं. तिनं ऐकून घेतलं. कोकरू सोडलं. मग मला विचारते, “बठ्ठं गाव सोडीसन त्यास्लेच का बरं सांगं?” — सगळं गाव सोडून त्यांनाच का. मी लगेच — तोंडात बसलेलंच उत्तर — म्हटलं, कारण ते गरीब होते. बाई जी भडकली! म्हणे, गरीब? कोणी सांगितलं तुम्हाला? एकशेऐंशी मेंढरं आहेत आमची, नऊ घोडे आहेत, आम्ही कोणाच्या दारात जात नाही. मी म्हटलं, मग तूच सांग, का सांगितलं असेल? तिला विचारसुद्धा करावा लागला नाही रे. ती म्हणाली, पाटलाला सांगितलं असतं तर पाटलानं गडी पाठवला असता — जा रे, बघून ये, काय आहे. रानातला माणूस स्वतः उठून जातो. रानात कुठे कोणी अडलं, कोणाचं जनावर वीत असलं, तर बोलावण्याची वाट बघत नाही, उठतो नि जातो. ज्याच्या हातून काम होईल त्यालाच निरोप देतात, बाई.

बावीस वर्षं, हेमराज. कसली कसली पुस्तकं वाचली मी, शिबिरं केली, नाशिकला जाऊन आले. आणि या बाईनं मांडीवरचे कोकराचे केस झटकता झटकता सांगितलं. मी पत्रिका दिली. मगननं ती उलटीपालटी करून बघितली आणि फेट्याच्या घडीत खोचली. म्हटलं, चोवीस तारखेला, संध्याकाळी सहाला, नक्की या. म्हणाला, येऊ.

आणि आले. हाच तर सगळ्यांचा राग आहे ना, की ते आले? अकरा माणसं, छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं करून. बायकांनी नवी लुगडी नेसलेली, चांदीची कडी घासून चकचकीत केलेली. तानुबाईनं त्या बाळाला — तिनं ‘त्या बाळाला’ असंच म्हटलं हं, जसं काही खरंच आत एक बाळ आहे — बाळाला म्हणून एक घोंगडी आणली होती, लहानशी, स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची. आणि तू काय केलंस? बोल ना. पत्रिका नव्हती म्हणतोस? होती! मगननं फेट्यातून काढून दाखवली तुला, आणि तू विचारलंस, ही कुठून मिळाली? कुठून मिळाली! चोरली असेल त्यानं, असोद्याच्या शेतात चर्चच्या पत्रिका उगवतात ना! आणि मग त्यांना नेऊन उभं केलंस डाव्या बाजूला, जिथे ब्लँकेट वाटपाची रांग होती. कारण तुला वाटलं, फेटे आहेत, काठ्या आहेत, म्हणजे ब्लँकेटवालेच. प्रमुख पाहुणे आले, फोटोवाला आला, आणि त्या माणसाच्या हातात — ज्याच्या खांद्यावर तीन किलोची घोंगडी आहे, पाऊस आरपार जात नाही अशी — त्याच्या हातात ते जाळीदार ब्लँकेट दिलं आणि म्हणाले, इकडे बघा, हसा. मगन म्हणाला, “साहेब, आमनाकडे शे.” आमच्याकडे आहे म्हणत होता, कोणी ऐकलं?

मी आत होते. पोरांना पंख बांधत होते. मला कळलं कधी? स्टेजवर देवदूत उभा राहिला आणि म्हणाला, भिऊ नका, मी तुमच्यासाठी आनंदाची बातमी आणलीय — आणि मी पहिल्या रांगेकडे बघितलं तर तिथे पाहुणे, त्यांचा पुतण्या, त्यांचा ड्रायव्हरसुद्धा, आणि खिडकीतून दिसतंय काय, तर माझी अकरा माणसं रस्त्याच्या कडेला उभी, तानुबाईच्या काखेत ती छोटी घोंगडी. मग मी काय केलं ते सगळ्या भुसावळला माहितीये. माईक घेतला. म्हटलं, नाटक थांबवा, ज्यांच्यासाठी बातमी आहे ते बाहेर आहेत. खाली उतरले, गेटवर गेले, मगनचा हात धरला, आत आणलं, आणि पहिल्या रांगेला म्हटलं, उठा. हो, म्हटलं. ‘कृपया’ नाही म्हटलं, मान्य. ड्रायव्हर बिचारा लगेच उठला. पाहुणे उठले ते थेट गाडीत जाऊन बसले. अध्यक्ष माझ्यावर ओरडले, मी त्यांच्यावर ओरडले, पंख लावलेली पोरं रडायला लागली. पाळकसाहेब ‘शांत व्हा, शांत व्हा’ करत प्रार्थनाच म्हणायला लागले.

आणि इथपर्यंत तुम्हाला माहितीये. इथपर्यंतचं मी अभिमानानं सांगते. पुढचं कोणाला माहीत नाही, कारण तुम्ही सगळे पाहुण्यांच्या गाडीमागे पळत होतात.

मगन पाच मिनिटं बसला असेल त्या खुर्चीवर. अगदी टोकावर. मग उठला, बाकीच्यांना नुसती मान हलवली, आणि सगळे बाहेर. मी मागे धावले — अहो भाऊ, थांबा, मी सांगते त्यांना, तुम्ही बसा, हा तुमचा मान आहे. तो थांबला. रागानं नाही बोलला रे, रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “बाई, तुम्ही आम्हले बलाव्हं ते आमनाकरता का तुमनाकरता?”

आमच्याकरता का तुमच्याकरता. तानुबाईनं ती घोंगडी माझ्या हातात ठेवली आणि हत्तीत चढली. ती बघ तिकडे, खुर्चीवर. चार दिवस तिथेच आहे. घडी मोडली नाही मी.

चहा घे ना, साय आली बघ. तुला वाटतंय, म्हातारीनं बरोबर केलं आणि तरी हिला इतकं काय लागलंय. चेहऱ्यावर दिसतंय तुझ्या. अरे, तो माणूस एका घटकेत ओळखून गेला. मी कोणाला बोलावत होते? त्याला नव्हते बोलावत. मी — थांब. हे कुठे बोलायचं नाही. तुमच्या कमिटीत तर नाहीच. आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं, लोको शेडला बत्तीस वर्षं काढली त्यांनी, गेले बिचारे, त्यांना हेच माहीत होतं की माझे वडील शेतकरी. शेतकरी नव्हते. ठेलारी होते आमचे आबा. शिंदखेड्याचे. मी मेंढरांत वाढलेय, हेमराज. मिशनच्या शाळेत घातलं मला त्यांनीच, हुशार म्हणून. बोर्डिंगला राहिले, बाप्तिस्मा घेतला, धुळ्याला नर्सिंगला लागले. एकोणीस वर्षांची होते. नाताळ जवळ आला होता आणि आम्ही मुली होस्टेलच्या व्हरांड्यात कागदी तारे चिकटवत होतो, माझी बोटं खळीनं माखलेली. आणि आबा गेटवर. फेटा, काठी, खांद्यावर घोंगडी, पायाला रस्त्याची धूळ गुडघ्यापर्यंत — सोनगीरजवळ मेंढरांचा वाडा बसला होता त्यांचा, तिथून चालत आलेले. मुली बघायला लागल्या. मी धावतच गेले, पण प्रेमानं नाही धावले, लवकर घालवावं म्हणून धावले. ते हसून म्हणाले, “शेवंताले पोरगं झायं.” शेवंता माझी मोठी बहीण, अक्का. लग्नाला नऊ वर्षं झाली होती तिच्या. आणि तेवढ्यात मागून मेट्रन आल्या. कोण आहे गं हा? आणि मी म्हटलं — काय म्हटलं असेल मी? — म्हटलं, आमच्या गावाकडचा माणूस आहे, तूप घेऊन येतो. आणि आबांकडे वळून म्हटलं, भाऊ, आता जा, माझी ड्यूटी आहे.

भाऊ. बापाला. ते म्हणाले, “हा बाई.” आणि गेले.

ते नुसती बातमी द्यायला नव्हते आले. पोर सहा दिवसांचं होतं आणि सकाळपासून अंगावर पीत नव्हतं, जबडा आवळला होता. नाळेला राख लावलेली. आबांना वाटलं, पोरगी दवाखान्यात शिकते, तिला कळेल. वाचलं असतं? नाही सांगता येत. धनुर्वाताचं पोर तेव्हा फार थोडं वाचायचं, हे मला नंतर वॉर्डात कळलं. पण मुलांचा वॉर्ड त्या गेटपासून चाळीस पावलांवर होता, हेमराज. चाळीस. निरोप आधी मला आला होता. दुसऱ्या कोणाला नाही, मला. आणि तानुबाई म्हणते, ज्याच्या हातून काम होईल त्याला निरोप देतात.

आणि आबांनी घरी काय सांगितलं असेल? मी महिन्यानं गेले तेव्हा कळलं. अक्का माझ्या गळ्यात पडून रडली, म्हणाली, आबा तुझ्याकडे आले होते गं, पण तुझी गाठच पडली नाही. मी आबांकडे बघितलं. ते काठी तासत बसले होते. मान वर केली नाही. पुढे अकरा वर्षं जगले, धुळ्याला पुन्हा आले नाहीत, आणि कोणाला बोलले नाहीत. अक्का अजून आहे. ऐंशीला आलीय, डोळ्यांनी कमी दिसतं. तिला अजून वाटतं की गाठ पडली नाही.

काय? ‘टीचर, जुनं झालं, सोडा’? तू मला सांगणार सोडायला? तू अजून मगनची माफी मागितलेली नाहीस, कमिटीचा कागद मात्र घेऊन आलास, चार प्रतींत! ... बरं, बरं. मान खाली घालू नकोस. तुझ्यापेक्षा मी वाईट. तुला निदान माहीत नव्हतं ते कोण आहेत. मला माहीत होतं.

तर हे असं आहे. कपाटाची किल्ली ही घे, हजेरीपट दुसऱ्या कप्प्यात आहे, पंखांना डांबरगोळ्या घालून ठेव. पुढच्या वर्षी नाटक कोणाला द्यायचं ते द्या. पाहुण्यांची मी माफी मागणार नाही. क्षमा मागायचीय मला, बिनशर्त मागायचीय, पण ती उद्या सकाळच्या शिंदखेड्याच्या गाडीनं जाऊन, आणि कागदावर नाही. अक्का काय म्हणेल ते म्हणेल. दार लावून घेईल, घेऊ दे. शिव्या देईल, देऊ दे.

नको, स्टँडवर सोडायला येऊ नकोस. आणि रडूबिडू नकोस माझ्यासमोर, मला आवडत नाही. तो कागद उचल. चहा प्यायला नाहीसच शेवटी — जाऊ दे. ऊठ. ऊठ म्हटलं ना, मला पिशवी भरायचीय.