माझी नऊ दिवसांची नोव्हेना

...आणि तुम्हाला सांगते, मी वाईट मागितलं नव्हतं हो. आमच्या डर्व्हलाला हायस्कूलच्या चौथ्या वर्षाला, म्हणजे सोळाव्या वर्षी, नमुन्यादाखल दहा आठवडे इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि पोरगी त्या टॅन्सी सरांच्या तासाला जी चिकटली ती चिकटलीच... आमच्या टोस्टरचं पोट फाडलं, बोटाला चटके, बाहीला भोकं, आणि वर मला म्हणते, "आई, पाचव्या वर्षाला मी हाच विषय घेणार, फॉर्मवर सही कर." आता वर्गात अकरा मुलगे आणि ही एकटी मुलगी, आईला काळजी वाटणार की नाही? शेजारची ब्रीडी म्हणाली, "अट्रॅक्टा, सरळ नाही म्हण ना." नाही कसं म्हणू? तिचं तोंड बघवलं नसतं. मी सही केली आणि चर्चच्या देवळात जाऊन माउलीची नऊ दिवसांची नोव्हेना धरली, रोज तीच प्रार्थना. एवढंच मागितलं, की बाई माउली, तो वर्ग भरू नये. बस. कुणाचं वाईट मागितलं नव्हतं.

आणि बघा हं, आमच्या देवळात मेणबत्त्या विजेच्या, नाणं टाकायचं, बटण दाबायचं, की दिवा लागतो. दोन वर्षं बंद पडलं होतं ते खोकं. दुरुस्त कुणी केलं? डर्व्हलानं. सरांकडून तारा डाग देऊन जोडायचं सोल्डरिंगचं सामान मागून आणलं आणि दोन शनिवार त्या खोक्यात डोकं घालून बसली. म्हणजे तिच्याच हातच्या दिव्यापुढे मी तिच्याच विषयाविरुद्ध... जाऊ द्या.

नवव्या दिवशी वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांची लांब गॉलवे शहरात बदली झाली. बारा जण लागतात, उरले अकरा. वर्ग रद्द, टॅन्सी सर सामान गोळा करून दुसऱ्या शाळेत. डर्व्हला रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "नशीब, आई," आणि गृहशास्त्र घेतलं. स्कोन, ते चहाबरोबरचे गोड पाव, काय सुरेख करते हो, पण मला घास गिळवत नाही.

शेवटी फादर कोलमना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अट्रॅक्टा, ही पापाची कबुली आहे की माउलीविरुद्ध तक्रार?" मी म्हटलं, फादर, मी वाईट मागितलं नव्हतं. "मग आता चांगलं मागा," म्हणाले.

म्हणून पुन्हा नोव्हेना धरलीय... पुढच्या वर्षी बारा जण मिळू देत, नवे सर येऊ देत. पण गेल्या आठवड्यात ते खोकं परत बंद पडलं. डर्व्हलाला म्हटलं, बघतेस का गं जरा? पीठ मळता मळता म्हणाली, "सामान सरांबरोबर गेलं, आई. फादरना स्कोन हवे असतील तर देते."

आता रोज जाते, नाणं टाकते, बटण दाबते, अंधारातच हात जोडते. दिव्याशिवायही ऐकू जातं म्हणा वर, माझा विश्वास आहे... फक्त मागच्या खेपेला तो अगदी लख्ख लागायचा.