सासूबाईंचा पापलेट आणि माझा प्रोग्राम

अगं, काल काय झालं ऐक! कोडिंग क्लासची टेस्ट होती, बारापर्यंत प्रोग्राम पाठवायचा, नाहीतर पुढची बॅच नाही. दहा आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधायचा, एवढंच. पण माझा प्रोग्राम दरवेळी शेवटचाच आकडा दाखवतोय! क्लासच्या ग्रुपवर मदत मागितली, तर एकजण म्हणतोय, "रिस्टार्ट कर," दुसरी म्हणतेय, "लॅपटॉपच बदल."

आमच्या पाली गावच्या घरी सासूबाई बाजारात विकायला मोठे पापलेट निवडत बसलेल्या. म्हणाल्या, "काय झाला गो?"

मी वैतागून सांगितलं, "एकेक आकडा घ्यायचा, आतापर्यंतच्या मोठ्याशी ताडून बघायचा, मग मोठ्याला शून्य करून पुढचा घ्यायचा."

त्यांचा हात थांबला. "शून्य कशाला? मी हातातला मोठा पापलेट टोपलीत टाकला, तर दुसरा कशाशी ताडू?"

मी किंचाळलेच! ती शून्याची ओळ उचलून सगळ्यात वर ठेवली, म्हणजे शून्य फक्त सुरुवातीला एकदाच, आणि उत्तर बरोब्बर! बाराला पाच कमी असताना पाठवलं.

आता ग्रुपवर सगळे विचारतायत, "कोणाला विचारलंस? आमचंही बघतील का?"

सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "बघीन, पन म्हावरा इकून आल्यावर!"